मोबाईल दाखवून भरवते, हो! मग?

भाताचं_शीत
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका काकांनी भली मोठी पोस्ट टाकली. सार असं की आजकालच्या आया पोरांच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरून घास कोंबतात, यांना आई म्हणायचं की खानावळवाली, आमच्या घरात चार मुलं वाढली, एकालाही जेवायला टीव्ही लागला नाही. खाली चोवीस अंगठे आणि हात जोडलेल्यांची रांग. मी तिथे काही बोलले नाही कारण आमची गाडी त्यांच्या गाडीला चिकटून लागते. पण दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय म्हणून इथे ओकते.

माझा मुलगा दोन वर्ष चार महिन्यांचा. कालचं रात्रीचं जेवण सांगते. आठ वाजता मऊ वरणभात, वर तूप, मेतकूट, लिंबाचे दोन थेंब, अगदी त्याला आवडतो तसा (म्हणजे मागच्या मंगळवारपर्यंत आवडायचा). पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसरा गालात. गालात धरलेला घास किती वेळ तिथेच राहू शकतो हे ज्यांनी बघितलेलं नाही त्यांनी कृपया पोस्टी लिहू नयेत. काऊचा झाला, चिऊचा झाला, कचऱ्याच्या गाडीचा झाला, वॉचमनदादांचाही झाला. साडेआठला तो तिसरा घास बाहेर आला, पांढरा चोथा, माझ्या ओंजळीत. नऊला माझा अमेरिकेचा कॉल. नवरा हैदराबादला, सासूबाई गावी, त्यांचे गुडघे. शेवटी जेसीबीचा व्हिडिओ लावला. बारा मिनिटांत वाटी साफ.

काकांच्या घरात चार मुलं वाढली हे खरंच असेल. भरवली कोणी? आजी, आत्या, शेजारच्या मावशी, आणि काकू तर होत्याच. तेवढे हात होते घरात. ते हात गेले आणि त्या जागी फोन आला. फोन काढून घ्या माझ्याकडचा, एक हात आणून द्या.

निमकी
राग समजला. पण बारा मिनिटांत वाटी साफ होते यालाच तर आक्षेप आहे ना बाई. तो जेवत नाहीये, तो जेसीबी बघतोय आणि तू उघड्या तोंडात चमचा सारतेयस. पोट भरलं हे त्याला कळणार कधी? डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच सांगून झालंय, अगदी लहान बाळांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको आणि कमी तेवढं बरं.

माझी दोन्ही मुलं मोबाईलशिवाय जेवली. नोकरी मीही करते, ठाणे-अंधेरी, घरी यायला साडेसात. नाही खाल्लं तर ताट उचलायचं, विषय संपला. एक वेळ उपाशी झोपलं तर मूल मरत नाही, आपल्याला बघवत नाही एवढंच. आणि पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणजे भूक कमी होणारच, आपण मात्र वाटीचा आकार वाढवत नेतो. बाय द वे दूध किती पितो ग तो?

भाताचं_शीत
"मूल मरत नाही" वा. तुझं उपाशी झोपलेलं मूल रात्री दोनला उठून भू भू करत नसेल, माझं करतं, आणि मग दोनला भात कालवणारी मीच असते. बाकी दिवसाला बारा मिनिटं म्हणजे तासाच्या आतच की, तुझ्याच डब्ल्यूएचओत बसतंय. दूध पितो तीनदा. त्याचा इथे काय संबंध?

एक_बाप
आया आया आया. संपूर्ण धाग्यात बाप फक्त हैदराबादला आहे. मी रोज रात्री मुलीला भरवतो, मागची दोन वर्षं. तरी बालरोगतज्ज्ञांकडे मुलगी माझ्या कडेवर, फाईल माझ्या हातात, ताप किती वाजता चढला ते मी सांगतोय, आणि डॉक्टर माझ्या मागे दाराकडे बघून विचारतात, "मॅडम नाही आल्या?" मुलगी झाली तेव्हा केंद्र सरकारी नोकरीत असतो तर १५ दिवस रजा मिळाली असती. आमच्या कंपनीने दिले तीन दिवस, त्यातला एक रविवार.

निमकी
अभिनंदन, आरती ओवाळू का? माझा नवरापण भरवतो, त्याने कधी धाग्यावर येऊन सांगितलं नाही.

एक_बाप
हेच. भरवलं नाही तर शिव्या, भरवलं तर टोमणे.

लोकल_डबा
हातांचा मुद्दा पटला म्हणून लिहितोय. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ झाली, पेपरात फोटो वगैरे. त्याच दुरुस्तीने असंही ठरलं की ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय पाहिजे. आमच्या ऑफिसात चारशेवर माणसं. पाळणाघर आहे, दारावर फुगेवाल्या अस्वलाचं चित्रसुद्धा आहे. आत मोडक्या खुर्च्या आणि २०१९ च्या दिवाळीचे आकाशकंदील. बायको शेवटी मुलाला बाहेर खासगी पाळणाघरात ठेवते. तिथल्या ताई बिचाऱ्या चांगल्या आहेत पण एकट्या आणि पोरं नऊ. जेवायच्या वेळी टीव्ही लागतोच. कोणाला दोष देणार?

स्टुटगार्टचा_वरणभात
इथे जर्मनीत हा प्रश्न फारसा दिसत नाही. संध्याकाळचं जेवण थंडच असतं, ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या, मूल आपल्या हाताने खातं, सांडतं, आपण पुसतो. भरवणं हा प्रकारच आपल्याकडे जास्त लांबतो असं वाटतं. एलिन सॅटर म्हणून अमेरिकन आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांचं म्हणणं साधं आहे: काय, कधी आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती ते मुलाने.

मिरजेची_मिरची
आले. दर धाग्यात एक तरी परदेशातून येतोच. दादा, तुमच्याकडे मूल झाल्यावर आईबाप मिळून १४ महिने सरकारकडून पैसे घेतात ना? मग काकडीच्या चकत्या कापायला वेळ असणारच. आणि वरणभात हाताने खाणाऱ्या दोन वर्षांच्या पोराची फरशी कोण पुसणार, एलिनबाई?

स्टुटगार्टचा_वरणभात
पगाराच्या ६५ टक्क्यांच्या आसपास मिळतात, तेही १८०० युरोंच्या मर्यादेत, आणि फरशी मीच पुसतो. पण मान्य, आजी इथेही नाही. व्हिडिओ कॉलवर आहे. म्हणजे आजी दाखवूनच भरवतो, हाहा.

मालतीकाकू_सांगलीकर
मला या वादात पडायचं नाही पण राहवत नाही. मुलं जेवत नाहीत कारण पोटं साफ नाहीत. आम्ही तिन्ही मुलांना गुटी दिली, पहिल्या महिन्यापासून. सहाण स्वच्छ धुवायची, अंगावरच्या दुधात उगाळायचं, हळकुंडाचा एक वेढा, वेखंड एक, मुरुडशेंग दोन, सुंठ, हिरडा, अतिविष, खारीक, बदाम, जायफळ मात्र अर्धाच वेढा. पाऊसकाळात सुंठ थोडी जास्त. मुलं टम्म खायची आणि गाढ झोपायची. आता गुटी नको, धुरी नको, तेल नको, आणि मग जेसीबी.

अर्धी_रात्र
काकू, गाढ झोपायची ती जायफळाने! सुस्ती येते त्याने, तुम्हालाही माहितीये, उगाच का अर्धाच वेढा घालत होतात? पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे आता अंगणवाडीतल्या ताईसुद्धा सांगतात. माझ्या भावाचा मुलगा सव्वा महिन्याचा होता, घरातल्यांच्या हट्टापायी गुटी सुरू केली, पाचव्या दिवशी जुलाब, हाताला शीर सापडेना म्हणून सलाईन लावायला त्या एवढ्याशा डोक्याला सुई टोचली. दोन रात्री मी तिथे बसून होते. मला गुटीचं कौतुक सांगू नका.

मालतीकाकू_सांगलीकर
सहाण धुतली नसेल.

अर्धी_रात्र
काकू प्लीज. उकळलेल्या पाण्याने धुतली होती, मी स्वतः.

मालतीकाकू_सांगलीकर
मग मुळ्या जुन्या असतील, टोका लागलेल्या. वेखंड हल्ली कुठलंही देतात. आमच्या तीन पिढ्या यावर वाढल्या, सगळे धडधाकट आहेत, एक तर आर्मीत आहे.

मिरजेची_मिरची
जे वाढले नाहीत ते सांगायला येत नाहीत काकू. माझ्या आजीची सात बाळंतपणं, मुलं चार. बाकीच्या तिघांबद्दल घरात "देवाने नेलं" एवढंच बोलतात.

मालतीकाकू_सांगलीकर
गुटीने नेली असं म्हणायचंय का तुला? मोठ्यांशी बोलायची पद्धत असते.

मिरजेची_मिरची
तसं म्हटलेलं नाही. तीन पिढ्यांचा दाखला अर्धाच असतो एवढंच म्हणतेय.

आयुर्वेदी_पोरगा
बीएएमएस करतोय, शेवटचं वर्ष. दोन्हीकडून घाऊक बोलणं चाललंय. प्रत्येक मुळीचं काम वेगळं, प्रत्येक बाळाला सगळ्या नसतातच, वैद्याने बघून द्यायची गोष्ट आहे ती. बाजारातला तयार डबा आणून "आमच्यात देतात" म्हणून चाटवणं म्हणजे आयुर्वेद नाही. आणि गुटीत मध घालणाऱ्यांनी तर हात जोडून थांबा, एक वर्षाच्या आत मध नको, त्यात बोटुलिझमच्या (एक गंभीर विषबाधा) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्यांचं आतडं त्यांना अडवू शकत नाही.

मालतीकाकू_सांगलीकर
मी मध कुठे म्हटलं? आमच्यात फक्त जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने बोटभर चाटवतात.

अर्धी_रात्र
😶

एक_बाप
धाग्याचं नाव बदला, सहाण ठेवा.

लोकल_डबा
थांबा, सहाणेवरून आठवलं. आमची पणजी लालबागला चाळीत राहायची, गिरणीत कामाला, वाइंडिंग खात्यात. आजी सांगायची की त्या काळी कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना बाळागोळी द्यायच्या. त्यात अफू. पोर दिवसभर खोलीत निजून राहायचं. मला वाटायचं आजी रंगवून सांगते, पण मुंबईच्या गिरण्यांवरच्या १९२० च्या दशकातल्या नोंदींतही हे आहे. बाळंतपणाच्या रजेचा मुंबईचा कायदा आला १९२९ ला, त्याच्या आदल्या वर्षी बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात त्या बाजूने बोलले होते. तोवर बाळंत झालेली बाई कामावर आली नाही तर पगार नाही. पोर कोणाकडे ठेवणार?

कोणाला नावं ठेवायला सांगत नाहीये. पणजीने दिली की नाही हे आजीने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण जायफळाचा अर्धा वेढा काय, बाळागोळी काय आणि जेसीबी काय, बाईला कामाला जायचंय आणि घरात दुसरं कोणी नाही.

निमकी
अफू आणि यूट्यूब एका ओळीत बसवलंत, ग्रेट. म्हणजे उलट माझाच मुद्दा सिद्ध होतो ना, ते वाईट होतं म्हणून बंद झालं, हेही व्हावं.

लोकल_डबा
बंद आपोआप झालं का हो?

भाताचं_शीत
लोकल_डबा, तुमची कमेंट नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला "मी शुक्रवारी येतोच आहे", म्हणजे काय कळलं त्याला देव जाणे.

निमकी, तुझ्यासाठी खास अपडेट, चार दिवसांनी. दुधाचं तू विचारलंस तेव्हा तोंड वाकडं केलं होतं, पण मग मोजलं. संध्याकाळी सहाची बाटली २४० मिलीची. वर सकाळ-दुपार धरून सातशेच्या पुढे. डॉक्टर म्हणाल्या पाचशेच्या आत आणा, सहाची बंद करा, दुधाने पोट भरतं आणि लोहही कमी पडतं. बाटली बंद केली. पहिल्या दिवशी सहा ते साडेसहा लिफ्टपर्यंत ऐकू जाईल असा टाहो, काका दार उघडून बघून गेले. दुसऱ्या दिवशी साडेसातला स्वतःहून ओट्यापाशी येऊन "भात" म्हणाला. अकरा घास, जेसीबीशिवाय, मी मोजले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गालात आणि नऊचा कॉल, लावला जेसीबी. चौथ्या दिवशी अर्धंअर्धं. तेव्हा तुला अर्धा मार्क, ताट उचलण्याचा नाही, फक्त दुधाचा.

निमकी
अर्धा तर अर्धा. माझ्या धाकट्याला आजारपणात लावायचे मी मोबाईल, पण ते वेगळं.

अर्धी_रात्र
हो हो, वेगळंच असतं ते.

मालतीकाकू_सांगलीकर
सगळं वाचलं. एक सांगू का, रात्रीच्या भातावर लिंबू कशाला पिळतेस ग?