कलौंजीचे तेल मधुमेहापासून मूत्रपिंडे वाचवते का?

प्रश्न : नौपाडा, ठाणे

नमस्कार. माझ्या वडिलांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. मागील महिन्यात त्यांच्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळते ते दाखवणारा आकडा) 85 आले. ते 30 च्या आत असावे लागते. टेल्मिसार्टनची गोळी केवळ रक्तदाबासाठी नसून मूत्रपिंडांसाठीही आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु मधुमेही उंदरांची मूत्रपिंडे आणि यकृत कलौंजीच्या तेलातील अँटिऑक्सिडंट घटकांमुळे वाचल्याचे बाबांनी वाचले आणि तेव्हापासून जांभळी नाक्यावरून आणलेले ते तेल रोज उपाशीपोटी दोन चमचे घेऊ लागले. आता ते गोळी बंद करावी म्हणतात. त्यांनी वाचलेले खोटे आहे का?

उत्तर : वाशी

मी औषधशास्त्र शिकवते. त्यांनी वाचलेले खोटे नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

रक्तात साखर वाढली की पेशींतील मायटोकॉन्ड्रियामध्ये (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत) सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे हानिकारक रूप अधिक तयार होते आणि त्यातून मूत्रपिंड, दृष्टिपटल व नसांची हानी सुरू होते, अशी मांडणी मधुमेहाचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी 2001 मध्ये केली. कलौंजीतील थायमोक्विनोन, तिळाच्या तेलातील सेसमिन, राइस ब्रॅनमधील (तांदळाच्या कोंड्यातील) ओरायझेनॉल या अँटिऑक्सिडंट घटकांकडे संशोधक वळले ते याच कारणाने. या तेलांमुळे उंदरांच्या ऊतींमध्ये मॅलॉनडायअल्डिहाइड (अशा हानीची खूण) कमी आणि ग्लुटाथायोन (शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट) जास्त आढळते, हे अनेकदा दिसले आहे.

तथापि या उंदरांना मधुमेह कसा होतो, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बहुतेक प्रयोगांत त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. हे विष स्वादुपिंडातील बीटा पेशी मारते, आणि ते ज्या वाहकातून पेशीत शिरते तो वाहक यकृतात व मूत्रपिंडातही असल्यामुळे त्या अवयवांना थेट इजा करू शकते. तेल विषाच्या आधी किंवा लगेच नंतर सुरू केले असेल, तर तेलाने मधुमेहाच्या दुष्परिणामांना रोखले की मुळात विषाचाच मारा सौम्य केला, हे वेगळे काढणे कठीण होते. शिवाय साखरही उतरलेली असेल, तर अवयव त्यामुळेच वाचले असण्याची शक्यता राहते. काही आठवड्यांचा असा प्रयोग आणि चौदा वर्षांचा मधुमेह यांची तुलना होऊ शकत नाही.

माणसांवरचे एक उदाहरण आपल्या वडिलांना अवश्य सांगावे. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्ण होते आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक मधुमेही होते. व्हिटॅमिन ई या नामांकित अँटिऑक्सिडंटचे रोज 400 युनिट सुमारे साडेचार वर्षे देऊनही हृदयाला किंवा मूत्रपिंडाला फायदा दिसला नाही. त्याच चाचणीत रॅमिप्रिल हे रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या मधुमेहींमध्ये मूत्रपिंडाचा उघड विकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. टेल्मिसार्टन हे रॅमिप्रिल ज्या संप्रेरकसाखळीवर काम करते, तिच्यावरच काम करणारे औषध आहे. म्हणजे बाबा जी गोळी सोडू पाहत आहेत, तिच्याच बाजूने पुरावा आहे.

उत्तर : ऐरोली

वरील उत्तराला माझ्या आईच्या अनुभवाची जोड देतो. तीही हेच तेल घेत असे. लहान चाचण्यांत कलौंजीने उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचे आढळले आहे. त्यामुळे ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना साखर अचानक खाली जाण्याची शक्यता ध्यानात ठेवावी आणि डॉक्टरांना तेलाविषयी सांगावे. आम्ही ते बराच काळ सांगितलेच नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

बाटलीवरचे नावही तपासा. कलौंजी म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘कांद्याचे बी’ म्हणतात ते. चटणीचे कारळे वेगळे आणि कडू जिरेही वेगळे, पण दुकानांत या तिन्हींची गल्लत होते. आणखी एक गोष्ट म्हणजे तेल कोणतेही असो, एका ग्रॅमला 9 कॅलरी मिळतात. दोन मोठे चमचे रोजच्या जेवणावर वाढवले, तर सुमारे 240 कॅलरींची भर पडते.

प्रश्नकर्ता : नौपाडा

दोघांचेही मनापासून आभार. ‘होप’ची माहिती काल रात्री बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी स्वतःहून गोळ्यांचा डबा मागितला. तेल पूर्ण सोडायला ते तयार नाहीत. फोडणीच्या शेंगदाणा तेलातून तेवढे कमी करून एक लहान चमचा घेण्यावर तडजोड झाली आहे, तीही डॉक्टरांना विचारून. शनिवारच्या भेटीला बाटली सोबत नेणार आहोत. तिच्यावर ‘काळे जिरे तेल’ एवढेच छापलेले आहे.