जिन्यावरून कोणी पडलं तर आधी जिना तपासायचा की पडणाऱ्याला बोल लावायचा?

निखिल_कळवा

आमच्या सोसायटीत मागच्या पावसाळ्यात बी विंगमधल्या एक काकू जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अजून वॉकरशिवाय चालता येत नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा सगळी चर्चा कशावर, तर काकूंच्या पायात चप्पल कसली होती, हातात पिशवी केवढी होती आणि लिफ्ट असताना त्या जिन्याने कशाला उतरत होत्या. जिना बघायला एकजण उठला नाही.

मग मीच टेप घेऊन गेलो. वरपासून सगळ्या पायऱ्या साडेसोळा सेंटीमीटर उंचीच्या, आणि अगदी शेवटची, लॉबीत उतरतानाची, जेमतेम बारा. कारण दोन वर्षांपूर्वी लॉबीचं सुशोभीकरण केलं तेव्हा जुनी लादी न उखडता तिच्यावरच माल टाकून नवीन टाइल बसवली, त्यामुळे लॉबी वर आली आणि पायरी बुटकी झाली. त्यात कठडा दोन पायऱ्या आधीच संपतो आणि तिथला दिवा सेन्सरचा आहे, माणूस खाली पोचल्यावर लागतो. काकू नेमक्या तिथेच पडल्या.

मी मागणी केली की बाहेरचा तज्ज्ञ आणून जिने, पॅसेज, गच्चीचे कठडे, पार्किंगचा रॅम्प सगळं तपासून घेऊया, लेखी रिपोर्ट घेऊया. उत्तर मिळालं "एवढ्याशा गोष्टीला एक्स्पर्ट कशाला". माझं ठाम मत आहे की कोणी पडलं की तो अपघात म्हणून तपासलाच पाहिजे, आणि कमिटीने नाही, ज्याला त्यातलं कळतं त्याने. तुम्हाला काय वाटतं?

माजी_सेक्रेटरी

काकूंबद्दल वाईट वाटलं, पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, एक रुपया मानधन नाही, रात्री अकराला टाकीत पाणी नाही म्हणून फोन घेतलेत. आमची इमारत तीस वर्षांची झाली, मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, त्यात कॉलमच्या दुरुस्तीचा खर्च निघाला तो गोळा करताना नाकी नऊ आले, अर्धे मेंबर थकबाकीदार. अशा वेळी पैसा कॉलमवर घालायचा का पायऱ्यांवर? घाटकोपरची साई दर्शन २०१७ मध्ये पडली, तळमजल्यावर तोडफोड करून नर्सिंग होमचं काम चालू होतं, १७ माणसं गेली. धोका म्हणजे हा. पायरीवरून पाय घसरणं घरात बाथरूममध्ये पण होतं, तिथे कोणाला जबाबदार धरणार?

दुसरं, एकदा रिपोर्टमध्ये लिहून आलं की अमुक जिना धोकादायक आहे, की कमिटीला माहीत होतं याचा लेखी पुरावा तयार झाला. उद्या कोणी कोर्टात गेलं तर तोच कागद आमच्या अंगावर येणार. फुकट काम करणाऱ्यांनी हे ओझं का घ्यायचं?

निखिल_कळवा

साई दर्शनचं मान्य, कॉलम आधी. पण धोका मोजायचाच तर जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बघा, जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर दुसरा नंबर याचा आहे. इमारत कोसळली की बातमी येते, म्हातारं माणूस पडलं, अंथरुणाला खिळलं आणि चार महिन्यांनी न्यूमोनियाने गेलं तर ते 'वयोमानाने' गेलं असं म्हणतात. म्हणूनच आपल्याला हा धोका छोटा वाटतो.

गिरगावकर७०

माझं सगळं आयुष्य चाळीत गेलं. लाकडी जिना, अंधार, उभी चढण, धरायला मधोमध लोंबणारा दोर. गरोदर बायका पाण्याच्या कळश्या घेऊन चढायच्या. कोणी तज्ज्ञ आला नाही मोजायला. आता माणसं एका हातात फोन, कानात ते बोंडूक, नजर स्क्रीनवर अशी उतरतात आणि पडली की सोसायटीला दोष. सावधपणा नावाची गोष्ट राहिली आहे की नाही? सगळं दुसऱ्याने सुरक्षित करून द्यायचं हा हट्ट मला पटत नाही.

स्लॅबपट्टी_ठाणे

मी सिव्हिल इंजिनीअर, रिपेअरच्या कामात आहे, ऑडिट रोजचंच. माजी_सेक्रेटरींना एक सांगतो, तुमच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये जिना तपासलाच गेला नसणार. आम्ही काय करतो, रिबाउंड हॅमर मारून काँक्रीट किती कडक आहे ते बघतो, अल्ट्रासोनिक लहरींनी आतल्या भेगा शोधतो, सळईला गंज किती आहे ते हाफ सेलच्या टेस्टने बघतो, शंका आली तर कोअर म्हणजे काँक्रीटचा नळीसारखा तुकडा काढतो. म्हणजे काँक्रीट आणि सळई. त्या जिन्याचा स्लॅब वजन घेईल की नाही ते आम्ही सांगू, त्याच्यावरून ओल्या पायाने उतरणारी बाई घसरेल की नाही हे त्या रिपोर्टमध्ये कुठेच नसतं, कारण कोणी विचारतच नाही. लोकांना मात्र वाटतं ऑडिट झालं म्हणजे बिल्डिंग सेफ.

आणि निखिल यांनी जे मोजलं ते अगदी नेमकं सापडलंय. माणूस जिना उतरताना पायऱ्या बघत नाही, पहिल्या दोनतीन पायऱ्यांत पाय अंदाज घेतो आणि पुढे त्याच लयीत पडत राहतो. मध्येच एक पायरी चार सेंटीमीटरने बुटकी निघाली की जमीन अपेक्षेआधी येते, टाच दणकन आपटते, गुडघा सुटतो. उलटं म्हणजे मधल्या लँडिंगवर लादी चढवली तर तिथून खाली उतरतानाची पहिली पायरी खोल होते, पाय हवेत राहतो, ते तर जास्त वाईट. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या इमारतीला पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी २५० दिलीये. तुमच्या दोन्ही पायऱ्या, १६५ ची पण आणि १२० ची पण, या मापात बसतात. तरी जिना धोकादायक आहे, कारण त्या एकसारख्या नाहीत. हे नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून कळणारा माणूस लागतो.

गिरगावकर काका, चाळीचा जिना उभा होता पण सगळ्या पायऱ्या सारख्या होत्या, लाकूड खरखरीत होतं आणि दोर हाताशी होता. आजच्या लॉबीत पॉलिश ग्रॅनाइट आहे, त्यावर सकाळी साबणाचं पाणी मारतात आणि पावसात छत्र्या निथळतात.

फिजिओ_स्वाती

काकांचा मुद्दा मी पूर्ण फेटाळणार नाही. माझ्याकडे पडून आलेले पेशंट येतात तेव्हा मी आधी त्यांनाच विचारते, बीपीची गोळी कधी घेतली, झोपेचं औषध आहे का, चष्मा कुठला. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर खाली बघताना वाचायचा भाग डोळ्यांसमोर येतो आणि पायरीची कड धूसर दिसते, हे कित्येकांना कोणी सांगितलेलंच नसतं. पायात जोर किती, तळव्यांना संवेदना आहे का (डायबेटिस असेल तर कमी होते), हे सगळं धरावं लागतं.

पण म्हणूनच जिना जास्त चांगला पाहिजे ना. पंचविशीतला मुलगा त्या बुटक्या पायरीवर अडखळतो, कठडा धरतो, शिवी घालून पुढे जातो. सत्तर वर्षांच्या बाईला सावरायला तेवढा वेळ मिळत नाही आणि तुमच्या जिन्यावर धरायला कठडाही संपलेला. अजून एक, म्हातारी माणसं पडली तरी सांगत नाहीत. मुलं बाहेर जायचं बंद करतील ही भीती असते. त्यामुळे त्या पायरीवर आधी किती जण अडखळलेत हे तुम्हाला कळणारच नाही, कोणी विचारल्याशिवाय.

विश्वास_डोंबिवली

तज्ज्ञ तज्ज्ञ काय करता. सीएसएमटीचा हिमालय पूल मार्च २०१९ मध्ये पडला त्याचं ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्ती लागेल असा शेरा होता, संध्याकाळच्या गर्दीत स्लॅब खाली आला, माणसं मेली, मग ऑडिटरला अटक. आणि सोसायट्यांमध्ये काय चालतं? ज्याला रीडेव्हलपमेंट पाहिजे तो सी-१ चा रिपोर्ट आणतो म्हणजे पाडायला लायक, ज्याला नको तो दुसऱ्या इंजिनीअरकडून दुरुस्ती होऊ शकते असा आणतो, इमारत तीच. शेवटी मुंबईत पालिकेच्या टीएसीकडे म्हणजे तांत्रिक सल्लागार समितीकडे जायला लागतं, यातला कोण खरा ते ठरवायला. जो पैसे देतो त्याच्या मनासारखं लिहून मिळतं. तुमच्या जिन्याचं पण तेच होणार, कमिटीने बोलावला तर काकूंची चूक, काकूंच्या मुलाने बोलावला तर सोसायटीची.

स्लॅबपट्टी_ठाणे

विश्वास, राग समजतो, आमच्या धंद्यात असे लोक आहेत हे मी नाकारणार नाही. पण यातला फरक बघा. काँक्रीटच्या आत काय चाललंय ते मेंबरला दिसत नाही, तिथे आमच्या शब्दावर विश्वास ठेवायला लागतो. जिन्याचं तसं नाही. पायरीची उंची १२ सेंटीमीटर लिहिली तर कोणीही टेप लावून पडताळू शकतं. लादी किती घसरते याचं पण मोजमाप आहे, पेंडुलमची टेस्ट असते, एका दांड्याच्या टोकाला रबराचा तुकडा, तो ओल्या लादीवरून झोका देऊन घासत न्यायचा आणि काट्यावर आकडा बघायचा. ब्रिटनमध्ये जी पट्टी वापरतात त्यात ३६ च्या वर आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी, २५ च्या खाली आला तर जास्त. ओली चकचकीत फरशी बहुतेक खालीच येते. टाइल घेताना बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये आर-९, आर-१०, आर-११ असं असतं ते पण बघा, नंबर जितका मोठा तितकी पकड जास्त. दुकानदार मॅट आहे म्हणाला म्हणजे घसरणार नाही असं नसतं.

माझं म्हणणं एवढंच की रिपोर्टमध्ये मत कमी आणि मापं जास्त मागा. प्रत्येक पायरीची उंची, रुंदी, कठड्याची उंची, दिव्याचा उजेड, फोटोत टेप दिसला पाहिजे. मग तो कोणाच्या पैशाने आला याने फार फरक पडत नाही.

मेघना_वकील

माजी_सेक्रेटरींच्या भीतीबद्दल लिहायला हवं कारण हे मी वारंवार ऐकते. "माहीत नसलेलं बरं" हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. सुप्रीम कोर्टाचा १९६६ चा दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती हा निकाल आहे. चांदनी चौकातला घंटाघर कोसळून रस्त्यावरची माणसं मेली होती. तो होता ८० वर्षांचा आणि बांधकामात वापरलेला माल बघता त्याच्या वरच्या मजल्याचं आयुष्य धरलं होतं ४० ते ४५ वर्षं. पालिका म्हणाली दोष आतला होता, आम्हाला दिसला नाही. कोर्टाने ऐकलं नाही. एवढी जुनी वास्तू तज्ज्ञांकडून वेळोवेळी तपासून घेणं हे मालकाचं कामच होतं, असं धरलं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. ती केस सार्वजनिक रस्त्यालगतच्या वास्तूची आहे, सोसायटीच्या आतल्या जिन्यावर मेंबर पडला तर ती जशीच्या तशी लागू होईल असं मी सांगणार नाही. तिथे निष्काळजीपणा सिद्ध करायला लागेल आणि पडणाऱ्याने किती काळजी घेतली हेही बघितलं जाईल. पण सिद्ध कशाने करणार हाच तर प्रश्न आहे. कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली जागेची पाहणी करायला कमिशनर नेमू शकतं, पण तो जाईपर्यंत सोसायटीने पट्ट्या चिकटवलेल्या असतात, दिवा बदललेला असतो. म्हणून पडल्याच्या दिवशीच फोटो आणि मापं घ्या, दोन्ही बाजूंनी. यात कमिटीचंही भलं आहे. धोका कळला, ठराव केला, अमुक तारखेला दुरुस्ती केली असा कागद असेल तर तो कमिटीच्या बाजूने बोलतो. अंगावर येतो तो कळल्यावर काहीच न केलेला कागद.

सुनंदा_पनवेल

तुम्ही सगळे मेंबरांबद्दल बोलताय. आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी सर्व्हिसच्या जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं, दोन महिने काम नाही आणि पगारही नाही, बऱ्याच घरांनी दुसरी बाई लावली. त्यांना लिफ्टने येऊ देत नाहीत आणि त्या जिन्यावर कचऱ्याचे डबे, ओघळलेलं पाणी, बल्ब गेलेला. त्यांच्या पडण्याची मीटिंगमध्ये नोंदसुद्धा नाही. वॉचमन, कचरा उचलणारा मुलगा, सिलिंडर खांद्यावर घेऊन चढणारा माणूस, इमारतीचा जिना सगळ्यात जास्त तेच वापरतात. तपासणी होणार असेल तर मागच्या जिन्यापासून सुरू करा. माझी एवढीच मागणी आहे आणि ती कोणी मागे ढकलू नये.

गिरगावकर७०

सुनंदाताईंचं बरोबर आहे. लिफ्ट नाकारून वर असला जिना द्यायचा हे चुकीचंच आहे, तिथे सावधपणाची अपेक्षा मी करणार नाही. पण बाकी माझं मत तेच. फोन खिशात घाला आणि कठडा धरा, हे कुठल्याही रिपोर्टआधी करता येतं.

माजी_सेक्रेटरी

कठडा असेल तर धरतील, हे निखिल यांच्या जिन्यावर लागू होत नाही, एवढं मान्य करतो. मेघनाताईंचा ठरावाचा मुद्दाही पटला. पण बाहेरचा तज्ज्ञ वेगळा आणायला माझा विरोध कायम आहे, छोट्या सोसायट्यांना ते झेपणार नाही आणि न झेपणारा नियम कागदावरच राहतो. माझं मत असं की कोणी पडलं तर त्या जागेपुरती तपासणी करावी, आणि पाच किंवा तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट होतंच, तेव्हा त्याच इंजिनीअरच्या कामात जिने, कठडे, लाद्या लेखी घालून घ्याव्यात. वेगळा खर्च काढू नये.

स्लॅबपट्टी_ठाणे

हे होऊ शकतं. वर्क ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर कोणी करणार नाही. आणि निखिल, तुमची लॉबी फोडायला आमसभा लागेल, तोपर्यंत थांबू नका. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर जाईल असा वाढवून घ्या, फॅब्रिकेटरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. सेन्सर काढून दिवा रात्रभर चालू ठेवा. प्रत्येक पायरीच्या कडेला ग्रॅनाइटमध्ये मशीनने खाचा मारून घ्या, चिकटपट्टी पावसात सुटते आणि सुटलेल्या टोकातच पाय अडकतो. त्या शेवटच्या बुटक्या पायरीची कड पिवळ्या रंगाने रंगवा, दिसायला वाईट दिसेल पण दिसली पाहिजे.

निखिल_कळवा

धन्यवाद, कठडा आणि दिवा यासाठी आजच अर्ज देतो, सर्व्हिसच्या जिन्याचं नाव त्यात पहिलं घालतो. माजी_सेक्रेटरी, पडल्यावर त्या जागेपुरती तपासणी हे मला अपुरं वाटतं, कारण ए आणि सी विंगची लॉबी त्याच कंत्राटदाराने त्याच पद्धतीने केली आहे आणि तिथे अजून कोणी पडलेलं नाही एवढंच. त्यामुळे आमसभेत मी तिन्ही विंगची मागणी करणार.

माजी_सेक्रेटरी

तिन्ही विंगचं काम एकाच कंत्राटदाराचं असेल तर तुमच्या सोसायटीपुरतं मान्य. सगळ्या सोसायट्यांना सरसकट लावा म्हणाल तर नाही.