शब्दचर्चा: फाइलची ‘मालकी’, ‘ताबा’ की ‘परवानगी’?

परभणीहून: पोरांसाठी लिनक्सची टिपणं मराठीत काढायलोय. बॅकअपमधून फाइली परत आणल्या आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची सर्व्हिस चालूच होईना. एररमध्ये ‘राँग ओनरशिप’ आहे. कुणी ‘परवानगी नाही’ लिहितं, कुणी ‘ताबा चुकला’. नेमकं काय लिहावं?

लातूरहून: सर, ‘मालकी’च लिहा. ‘परवानगी’ म्हटलं की पोरं लगेच ट्रिपल सेव्हन (७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) ठोकतात, आणि पोस्टग्रेस नेमकं त्यालाच नकार देतं. डेटा डिरेक्टरीचा मालक दुसरा असला तर एक एरर, परवानग्या सैल असल्या तर वेगळा. तिथं ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) लागतं. आवृत्ती ११ पासून ०७५० (ग्रुपला वाचण्यापुरती मुभा) सुद्धा चालतं. तुमच्याकडं बॅकअप रूटनं, म्हणजे सिस्टमच्या सर्वाधिकारी खात्यानं, उतरवला असणार, म्हणून सगळं रूटच्या नावावर गेलं. सर्व्हिस बंद ठेवून तेवढ्या डेटा डिरेक्टरीवरच सीएचओन (chown, मालक बदलायची कमांड) चालवा, अख्ख्या ‘व्हार’ (/var) डिरेक्टरीवर कधीच नको. मग चालू करून जर्नलसीटीएल या कमांडनं लॉग वाचा. आतल्या एखाद्याच फाइलचा मालक रूट राहिला, तर एरर ‘परमिशन डिनाइड’ असा येतो, पण दुखणं मालकीचंच असतं. टिपणात हे ठळक करा.

‘ताबा’ मी चालत्या प्रोसेससाठी राखून ठेवतो. फाइल उघडून बसलेल्या प्रोसेसचा तो ताबा. मालक दुसरा असू शकतो.

नांदेडहून: मी महसुलात आहे. सीएचओनला सरळ ‘फेरफार’ म्हणा की! गाव नमुना सहाला फेरफाराची नोंद होते, ती मंजूर झाली की सात-बाऱ्यावर नाव बदलतं. आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

लातूरहून: ताई, शब्द तोलामोलाचा आहे, पण टिपणात घातक ठरेल. ‘फाइलमध्ये फेरफार केला’ वाचलं की कुणालाही वाटणार, आतला मजकूर बदलला. सीएचओन मजकुराला हात लावत नाही, फक्त मालक आणि ग्रुप बदलतं. ‘मालक बदलला’ एवढं पुरे. तुमच्या दप्तरातला ‘खातेदार’ मात्र घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पोस्टग्रेस नावाच्या यूजरला ‘वापरकर्ता’ कसं म्हणणार? त्या नावानं कुणी माणूस लॉगिन करतच नाही.

परभणीहून: खातेदार पक्का. पण आमच्याच एका छोट्या सर्व्हिसची ‘रन’मधली (/run) डिरेक्टरी मालक बदलूनही रिबूटनंतर गायब होते. याला ‘मालकी टिकत नाही’ म्हणावं का?

लातूरहून: नको सर, तिथं डिरेक्टरीच टिकत नाही. ‘रन’ मेमरीत असतं, रिबूटला पुसलं जातं. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘यूजर’सोबत ‘रनटाइमडिरेक्टरी’ची ओळ घाला, सर्व्हिस चालू होताना सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्रॅम) ती डिरेक्टरी त्या खातेदाराच्या नावानंच तयार करतं.