दोन वास्तव्यांवर एक रात्र मोफत: ही योजना गोव्यात आईवडिलांसाठी वापरता येईल का?

प्रश्न (फोंडा)

कार्यालयाच्या कामासाठी मला वरचेवर मुंबई-पुण्याला जावे लागते आणि तेथे मी शक्यतो एकाच हॉटेलसमूहात उतरतो. या समूहाने सध्या सभासदांसाठी योजना जाहीर केली आहे की, ठरावीक मुदतीत दोन वास्तव्ये पूर्ण केल्यास एक रात्र मोफत मिळेल. माझ्या आईवडिलांचा जन्म फोंड्यात गेला. बाणावलीचा समुद्र तासाभराच्या अंतरावर असूनही किनाऱ्यावरच्या हॉटेलात निवांत राहण्याचा योग त्यांना कधी आला नाही. नाताळच्या सुटीत दक्षिण गोव्यात ही मोफत रात्र त्यांच्यासाठी वापरावी, असा माझा मानस आहे. मुंबईत सलग तीन रात्री राहिलो तर ती तीन वास्तव्ये धरतात का? आरक्षण कार्यालयाच्या ट्रॅव्हल एजंटने केले तर चालते का? आणि खोली आईवडिलांच्या नावे घेता येते का?

उत्तर १ (पणजी)

एकाच हॉटेलातील सलग रात्री, मग त्या कितीही असोत, एकच वास्तव्य मानल्या जातात. मधल्या दिवशी सकाळी चेक-आउट करून दुपारी त्याच हॉटेलात पुन्हा चेक-इन केले, तरीही बहुतेक समूह ते एकच धरतात. मात्र दोन रात्री एका हॉटेलात आणि तिसरी त्याच समूहाच्या दुसऱ्या हॉटेलात काढल्यास दोन वास्तव्ये होतात. आपले काम अंधेरीत आणि ठाण्यात विभागलेले असेल तर हा मार्ग सोयीचा आहे. केवळ योजनेसाठी सामान हलवत बसणे मला पटत नाही.

आरक्षणाबाबत अधिक सावध राहावे. आपल्या कंपनीचा समूहाशी ठरलेला दर असेल आणि एजंटने त्या दराने खोली घेऊन आपला सभासद क्रमांक टाकला असेल, तर वास्तव्य सहसा धरले जाते. त्याच एजंटने प्रवास-संकेतस्थळावरून आगाऊ पैसे भरून स्वस्तात खोली घेतली असेल, तर बहुधा काहीच जमा होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा योजनांत आधी नोंदणी करावी लागते. केवळ सभासद असणे पुरत नाही आणि नोंदणीपूर्वीचे वास्तव्य अनेकदा मोजले जात नाही. तेव्हा पुढच्या प्रवासाची वाट न पाहता नोंदणी आजच करावी.

उत्तर २ (मडगाव)

मी येथील एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला काम करते, म्हणून नाताळाविषयी स्पष्टपणे लिहिते. मोफत रात्र साधारणपणे सर्वांत साध्या श्रेणीच्या खोलीवरच मिळते, आणि वर्षअखेरीच्या आठवड्यात त्या खोल्या महिनोन् महिने आधी संपलेल्या असतात. मोफत पाहुण्यासाठी समूह हॉटेलला काही रक्कम देतो, पण ती बहुधा त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे पूर्ण दराने खोली विकली जाण्याची खात्री असताना हॉटेल ती मोफत रात्रीसाठी खुली ठेवण्यास नाखूश असते. शिवाय काही समूहांत खोलीचा दर सभासदांच्या गुणांतही (पॉइंट्समध्ये) ठरलेला असतो, मोफत रात्रीला त्या गुणांची कमाल मर्यादा असते आणि वर्षअखेरीस गोव्यातील रिसॉर्ट ती सहज ओलांडतात.

वैधतेच्या तारखेकडेही लक्ष द्यावे. त्या तारखेच्या आत आरक्षण करून भागत नाही. पुष्कळ ठिकाणी राहणेसुद्धा त्याआधी पूर्ण व्हावे लागते. आमच्या काउंटरवर रागावलेले बरेच पाहुणे याच एका ओळीमुळे रागावलेले असतात, आणि त्यांना नाही म्हणताना आम्हालाही वाईट वाटते.

आईवडिलांबाबत नियम निरनिराळे आहेत. काही समूह दुसऱ्याच्या नावे आरक्षण करू देतात, काही ठिकाणी सभासदाला स्वतः चेक-इनला हजर राहावे लागते. सभासद कक्षाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे आणि त्याची प्रत आईवडिलांजवळ द्यावी. फोनवरचे आश्वासन रात्रपाळीच्या माणसाला दिसत नसते.

प्रश्नकर्ता

नाताळ सोडला तर कोणते दिवस योग्य ठरतील? वडिलांना गुडघेदुखी आहे, म्हणून पावसाळा नको वाटतो.

उत्तर ३ (म्हापसा)

ऑक्टोबरचा उत्तरार्ध पाहा. पाऊस ओसरलेला असतो, किनाऱ्यावरचे शॅक पुन्हा उभे राहू लागतात आणि दर अजून चढलेले नसतात. त्यात दिवाळीचे दिवस आले तर ते टाळावेत. नोव्हेंबर चालेल, पण चित्रपट महोत्सवामुळे अखेरच्या पंधरवड्यात पणजीच्या आसपास खोल्या मिळणे कठीण होते. दक्षिणेकडे त्याची झळ कमी, तेथे अडचण लग्नांची असते. शुक्रवार-शनिवार सोडून मंगळवार-बुधवार धरल्यास साधी खोली मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

मोफत रात्रीला जोडून आणखी एक रात्र विकत घ्यावी, असे मी सुचवेन. एका रात्रीत वयस्कर माणसांचा फक्त प्रवासच होतो. त्या रात्रीचा हिशेब करासकट करावा. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरील दराला 18 टक्के. म्हणजे 7,500 ची खोली 7,875 ला पडते, तर 7,600 ची जवळपास 9,000 ला. मोफत रात्रीत नाश्ता धरलेला नसेल तर दोघांच्या नाश्त्याचा दरही आधीच विचारून घ्यावा. आरक्षणे दोन होतील, पण सभासद क्रमांक एकच असल्याने खोली न बदलता दोन्ही रात्री जोडून देण्याची विनंती फ्रंट ऑफिसला आदल्या दिवशी करता येते, आणि गुडघ्यांचे कारण सांगून तळमजल्याची किंवा लिफ्टजवळची खोली मागता येते.