अनुभव धागा : उभ्या जुन्या गाडीला कुणी ठोकलं, दार चेपलं. पुढे काय केलंत?

गाडी जागेवर उभी होती, आपण जवळ नव्हतो, परत येऊन पाहतो तर दार चेपलेलं. जुन्या गाडीच्या बाबतीत ज्यांनी हे सोसलंय त्यांनी इथे लिहावं. आजच्या गाडीचं दार मागवून बसवता येतं. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचं मूळ दार गेलं की गेलंच. म्हणून खर्चापेक्षा मूळ पत्रा कसा वाचला (किंवा का वाचला नाही) ते सविस्तर सांगा.

सुरुवात मी करतो. गाडी १९६७ ची फोक्सवॅगन बीटल. दाराच्या मधोमध पसरट पोचा आणि त्याच्या खाली बंपरच्या कोपऱ्याने पडलेली धारदार घडी. पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, भोकं पाडून पत्रा बाहेर ओढू आणि वर लांबी (खळगे बुजवायची पुटी) भरू. मी गाडी तशीच परत आणली. दाराच्या आतून हात पोचत असताना बाहेरून भोकं कशाला? प्रत्येक भोक म्हणजे आतल्या बाजूने गंजाला वाट.

शेवटी एक जुने मिस्त्री भेटले. त्यांनी आतलं पॅनेल उतरवलं, काच काढली आणि बराच वेळ फक्त टॉर्च मारून पाहत राहिले. मोठ्या पोच्याला त्यांनी हातच लावला नाही. घडी पडते तिथला पत्रा कडक होतो आणि आजूबाजूच्या पत्र्याला खाली धरून ठेवतो, म्हणून आधी घडी सोडवायची. आतून खोलगट भागाला डॉली (हातात धरायचा जड लोखंडी ठोकळा) दाबून धरायची आणि बाहेरून शेजारच्या उंचवट्यावर हलके घाव घालायचे. हातोडी बरोबर डॉलीवर पडली तर मधला पत्रा पातळ होऊन पसरतो, आणि पसरलेला पत्रा अंगठ्याने दाबला की डबडब वाजतो. घडी सैल होत गेली तसा वरचा पोचा बराचसा आपणहून उठला. हे डोळ्यांनी पाहिल्यापासून मी कुणालाही घाईने पत्रा ओढू देत नाही. नंतर सुती हातमोजा घालून तळवा फिरवायचा, सपाट कानस चालवायची: चकाकेल ते उंच, मळकट राहील ते खोल. लांबी लागली, पण मिलिमीटरभरही नाही.

* * *

माझी गाडी मर्सिडीजची डब्ल्यू १२३, वडिलांची. पोचा गोलसर होता, घडी नव्हती आणि मुख्य म्हणजे रंगाला तडा नव्हता. त्यामुळे रंग न काढता पोचा उठवणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने काचेच्या फटीतून लांब सळ्या आत घालून, दारावर दिव्याच्या रेषा पाडून, त्या रेषा सरळ होईपर्यंत आतून हळूहळू दाबलं. आधी पत्रा कोमट केला, कारण जुना रंग थंडपणी चटकन तडकतो. रंग कारखान्याचाच राहिला याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही.

केस वाळवायच्या यंत्राने तापवून वर एकदम थंड फवारा मारायचा, असा एक उपाय फिरत असतो. माझ्या कारागिराच्या मते, घडी पडलेल्या जाड जुन्या पत्र्यावर त्याने काही होत नाही.

* * *

लँड रोव्हरवाल्यांनी आधी लोहचुंबक लावून पाहावा. लँड रोव्हरच्या जुन्या ‘सिरीज’ मॉडेलच्या गाड्यांची दारं बाहेरून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहेत. १९४८ मध्ये ही गाडी आली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती. ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादासारखा परत उसळत नाही, आणि घाव घालत गेलं की कडक होऊन चिरतो. मऊ करायला तापवावा लागतो, पण वितळेपर्यंत तो लालही होत नाही, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. आमच्या मिस्त्रींनी पत्र्यावर साबण चोळला आणि साबण तपकिरी-काळा होताच ज्योत बाजूला घेतली. हातोड्या आणि कानशीही वेगळ्या ठेवा. पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की पुढे तिथे रंगाखाली फोड येतात.

* * *

मी दुसरं दार मिळवलं, त्याच मॉडेलचं, न गंजलेलं. तरी बसेना. मागची फट वर कमी, खाली जास्त. त्या काळी कितीतरी गाड्यांची दारं कारखान्यात त्या-त्या गाडीवर ठोकून जुळवलेली असत, त्यामुळे एकीचं दार दुसरीला जसंच्या तसं बसेलच असं नाही. शेवटी माझंच दार दुरुस्त केलं: कडेची दुमड घासून जुना बाहेरचा पत्रा सोडवला आणि नवा पत्रा मूळ चौकटीवर दुमडून घेतला. कुणी अख्खं दार बदला म्हणालं तर आधी चौकट वाकलीय का ते विचारा. चौकट सरळ असेल तर दार टाकू नका.

* * *

रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जुन्या रंगाचा क्रमांक मिळाला तरी तो नव्या गाडीचा रंग असतो; आपली गाडी उन्हाने उतरलेली असते. आधी शेजारचं पॅनेल पॉलिश करून घ्या, मग उजेडात जुळवा. आम्ही नवा रंग दाराच्या कडेपर्यंत न नेता मध्येच विरवत नेला. घरी रंगवायचा विचार असेल तर ते हार्डनरवाल्या (घट्ट होण्यासाठी दुसरं रसायन मिसळायच्या) रंगांनी करू नका. त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसांना कायमचं दुखवतात, आणि साधा मास्क पुरत नाही.

* * *

आम्ही पोचा तसाच ठेवलाय. रंग सबंध आहे, गंज नाही, गाडी रोज चालते.

* * *

प्रश्न : माझं दार कालच चेपलंय. मिस्त्री मिळेपर्यंत काय करू?

धागाकर्ता : आज सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आसपास कॅमेरा असेल तर लगेच विचारा, चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. विम्याची पॉलिसी आधीच ठरवलेल्या किमतीची आहे का ते पाहा. नसेल तर कंपनी जुन्या गाडीची फार कमी किंमत धरू शकते. दार हळू उघडून बिजागरी आणि फटी तपासा. काच खाली करू नका, आत दबलेल्या पत्र्यावर घासून फुटू शकते. रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर कोरडा पुसून प्रायमरचा हलका हात मारा. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, तेही पाहून सांगा.