डीएसवायला नागपूरला नंबर लागला, कॅम्पसमधले जुने क्वार्टर घेऊ की नवी बिल्डिंग?

राळेगाव साइडचा

नमस्कार मंडळी. यवतमाळले इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला अन् आता डायरेक्ट सेकंड इयरले (डीएसवाय) नागपूरच्या एका प्रायव्हेट कॉलेजात नंबर लागला, हिंगण्याच्या साइडले. आमचे कॅप राउंड (प्रवेशाच्या सरकारी फेऱ्या) उशिरा आटोपले म्हणून कॉलेज सुरू होऊन महिना झाला, हॉस्टेलच्या रूमा केव्हाच्याच भरल्या. ऑफिसवाले म्हणतात कॅम्पसमध्येच दोन जागी फ्लॅट आहेत, शनिवारपर्यंत सांग नाहीतर वेटिंगवाल्याले देतो.

एक म्हणजे जुने स्टाफ क्वार्टर. दोन खोल्या अन् किचन, चार पोरं, पंखे आहेत, कूलर आपला आपण आणायचा, लाइटबिल वेगळं. वर्षाचे ३६ हजार अन् डिपॉझिट ४ हजार. दुसरी नवी बिल्डिंग, तीन खोल्यांत सहा पोरं, एसी, लिफ्ट, वायफाय, ५८ हजार, डिपॉझिट १० हजार अन् वरतून मेस कम्पल्सरी ३४ हजार. नवीतला सॅम्पल फ्लॅट दाखवला, मस्तच आहे, आईले फोटो पाठवला तर ती म्हणे इथंच राहा. बाबा काही बोलले नाही, पण बोंडं अजून फुटायची आहेत, पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास होईल तेव्हा पैसा हाती येईल हे मलेही समजते. स्वयंपाक थोडाफार येतो, गहू, ज्वारी, तुरीची डाळ घरून नेता येते. पण अभ्यासच नाही झाला तर मग पैसे वाचवून काय करू. डीएसवायवाल्यांनी तर नक्की सांगा.

पुसदवाला

भाऊ, एसी लिफ्ट बाजूले ठेव. पहिले हे विचार की तुह्या ब्रँचचे सेकंड इयरचे पोट्टे कुठी राहून राहिले.

मी डीएसवायच आहो म्हणून सांगतो. डिप्लोमात आपलं मॅथ्स फर्स्ट इयरलेच संपते, अन् इथं आल्याबरोबर एम-थ्री म्हणजे तिसरा मॅथ्सचा पेपर, त्यात लाप्लास, फोरियर. बारावीवाले एम-वन एम-टू करून आलेले असतात, सर पार्शल फ्रॅक्शनची स्टेप फळ्यावर करतच नाहीत, सगळ्याले येते असंच धरून चालतात, अन् त्यात महिनाभराच्या लेक्चरले तर तू नव्हताच. रात्री ११ वाजता गणित अडलं तर बाजूच्या खोलीत जाऊन विचारता आलं पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून ते जमत नाही. अन् असं नको समजू की आपण नुसतं घेणारेच. लॅबमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या ओपन सर्किट शॉर्ट सर्किट टेस्टचं कनेक्शन आमच्या फ्लॅटमधल्या पोट्ट्यायले जमेच ना, ते मी लावून द्यायचो, लाप्लास ते मले शिकवायचे. माह्या एम-थ्री असाच निघाला.

उरलेला बेड म्हणजे बहुतेक वेगवेगळ्या ब्रँचच्या, वेगवेगळ्या इयरच्या पोरांमध्ये जातो. तसं झालं तर कितीबी चांगला फ्लॅट असो, तू एकटाच पडशील. म्हणून नावं विचार, बेड कोणासोबत आहे ते विचार, ऑफिसात नाही सांगितलं तर क्लासमध्ये विचार.

आर्वीची ताई

पुसदवाल्या भावाचं अगदी बरोबर आहे, त्यात फक्त उन्हाळ्याचं जोडते, कारण तू आत्ता सप्टेंबरात फ्लॅट पाहून राहिला अन् परीक्षा देशील मे महिन्याच्या ४४-४५ डिग्रीत.

जुन्यात कोणता मजला आहे ते आधी पाहा. गच्चीखालची खोली असली तर स्लॅब दिवसभर तापतो अन् अर्ध्या रात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, तिथं कूलरही थकतो. खालचा मजला असेल अन् समोरासमोर खिडक्या असतील तर कूलर मस्त चालतो, कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, तेव्हा पंखाच.

बिलाचं गणित तूच करशील पण सांगते. कूलर साधारण २०० वॅटचा, रात्रीचे दहा तास धरले तर रोजचे २ युनिट, महिन्याचे ६०, खोलीत दोघं तर प्रत्येकी ३०. दीड टनाचा एसी तासाला एक-दीड युनिट ओढतो, म्हणजे तेवढ्याच तासांत महिन्याचे ३०० ते ४५०. हे नव्या बिल्डिंगच्या फीमध्ये आहे की सबमीटर लावून वेगळं घेतात हे लेखी विचार. सॅम्पल फ्लॅटवर जाऊ नको, तुला मिळणारा बेडच उघडून दाखवा म्हणावं. एप्रिल-मेमध्ये पाणी किती वेळा येते, टँकर लागतो का, हे तिथल्या पोरांना विचार, ऑफिसवाल्यांना नको.

राळेगाव साइडचा

आजच विचारून आलो. जुन्यात दोन बेड रिकामे, एक वरच्या मजल्यावर अन् एक खाली. खालच्यात तीन पोरं आहेत, दोघं आमच्याच क्लासचे, एक सिव्हिलचा. नवीत सहाव्या मजल्यावरचा बेड आहे, बाकी पाचही फर्स्ट इयरचे. एसीचं बिल वेगळं म्हणे, सबमीटर आहे.

हिंगणघाटचे काका

बाळा, मी पैशाचं बोलतो, माझी पोरगी पण बाहेर शिकते. नवीचे एकूण १ लाख २ हजार होतात अन् एसीचं बिल वेगळं, जुन्याचे ४० हजार, त्यावर लाइटबिल अन् गॅस-भाजीपाला. मेस कम्पल्सरी असली की दिवाळीत, परीक्षेआधीच्या सुट्टीत तू घरी असला तरी पैसे गेलेच समज, परत कोणी देत नाही. अन् बापाले आत्ता एकदम रक्कम मागू नको. ऑफिसात साधा अर्ज लिही, अर्धे आता अन् अर्धे दिवाळीनंतर, शेतकऱ्याचं पोरगं आहे, कापूस निघाल्यावर भरतो, असं सरळ लिही. बरेच जण ऐकतात, विचारायला लाजू नको.

दुसरं, तू ओबीसी, व्हीजेएनटी नाहीतर एसबीसी असशील अन् सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेची चौकशी कर, नागपूर शहरासाठी वर्षाचे ६० हजार आहेत. जिल्ह्याला ६०० च विद्यार्थी घेतात, ७५ टक्के हजेरी लागते. एससी, नवबौद्ध असशील तर तशीच स्वाधार योजना आहे. कॉलेजची जागा शहराच्या हद्दीत धरतात का अन् कॉलेजचाच फ्लॅट चालतो का, हे इतर मागास बहुजन कल्याणच्या सहायक संचालकांच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचार, अन् फ्लॅटची पावती स्वतःच्या नावाची, भाडे असं लिहिलेलीच घे. पण तो पैसा उशिरा येतो, त्याच्या भरवशावर महागडा फ्लॅट घेऊ नको.

पुसदवाला

दोघं तुह्या क्लासचे अन् खालचा मजला, मग आता काय पाहून राहिला. कोण स्वयंपाक करीन अन् कोण भांडे घाशीन हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, भांडणं तिथूनच होतात.

आर्वीची ताई

पैसे भरायच्या आधी एक काम करच, तू इलेक्ट्रिकलवाला आहेस. क्वार्टर जुने आहेत, टेस्टर अन् टेस्ट लॅम्प घेऊन जा, अर्थिंग खरंच आहे की नुसतीच तीन पिनची सॉकेट लावून ठेवली ते तपास. लोखंडी कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी, आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. मेनला आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर अर्ज देऊन बसवून घे, नाहीच बसवली तर चौघांनी वर्गणी करून बसवा. इंडक्शन वापरणार असाल तर किचनमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट पाहिजे. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढूनच, हे त्या सिव्हिलवाल्यालाही सांग.

राळेगाव साइडचा

ताई, टेस्ट लॅम्प घेऊनच जातो उद्या दुपारी, त्या दोघांशीपण बोलतो. हप्त्याचा अर्ज लिहिला, बाबांची सही घ्यायची आहे. जमलं तर खालचाच घेतो.