उत्तर: वादळाची पेटी: चेन सॉ न्यायची की नाही? (शुक्रवारच्या आत सांगा)

नमस्कार मंडळी,
शनिवारी अमेरिकेहून कोकणात गावी निघतोय. चौघांच्या प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा, त्यातली एकेक वादळात लागणाऱ्या सामानाच्या पेटीसाठी मोकळी ठेवली आहे. टॉर्च, पट्ट्या, औषधं भरून झाली. अडलंय चेन सॉपाशी, म्हणजे झाडं कापायच्या यंत्र-करवतीपाशी. काकांची बॅटरीवाली तयार आहे. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी घरच्यांनी कोयत्याने वाट काढली, ते डोक्यातून जात नाही. न्यावी ना?

---

बॅटरीवरचा आकडा वाच आधी. 56 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 280 वॉट-अवर. विमानात 100 पर्यंत चालते, 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. चार्जर आपला 120 व्होल्टचा, तिकडे 230. पेट्रोलची वापरलेली नेलीस तर टाकी रिकामी करूनही वास राहतो आणि काउंटरवरच अडते.

मागे कुणी सॅटेलाइट मेसेंजर सुचवला होता, तो तर मुळीच नको. भारतात विनापरवाना सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर लोकांना अटक झाली आहे.

---

खजिनदार या नात्याने: पेटीची यादी उपसमितीने ठरवली आहे, बदल आधी तिथे कळवा. सोलर दिव्यांच्या वेळी प्रत्येकाने परस्पर खरेदी केली आणि पावत्या मी गोळा करत बसले.

"पैसे पाठवू, तिकडेच घेतील" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या: अमेरिकन नागरिक झालेल्यांची देणगी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, परकीय धरली जाते. एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी नसलेल्या ग्राममंडळाच्या खात्यात ती टाकता येत नाही.

---

वहिनी, पावत्या मी दिल्या होत्या, दोन्ही.

---

आंजर्ल्याहून लिहिते आहे. लाईट आहे तोवर पाठवते.

बाळांनो, करवत आणू नका. दापोलीत मिळते, दुरुस्त करणाराही तिथेच आहे. तुमच्या करवतीची साखळी तुटली की पिच, गेज आणि दुव्यांची संख्या तंतोतंत जुळणारी इथे कुठे शोधायची? शिवाय माड-पोफळीच्या खोडाचे धागे साखळीत गुंततात, दर थोड्या वेळाने थांबून साफ करावी लागते.

3 जून 2020 ला दुपारी वारा थांबला तेव्हा आगरात पाय ठेवायला जागा नव्हती. पोफळी एकीवर एक आडव्या. दुसऱ्या दिवशी भाचा उन्मळलेल्या आंब्याच्या बुंध्यावर पाय देऊन खोड कापत होता. शेवटचा तुकडा सुटला आणि वजन गेल्यामुळे मुळांचा गड्डा बुंध्यासकट धाडकन उभा राहिला. भाचा चार हात लांब फेकला गेला. दात गेले, जीव वाचला.

म्हणून करवतीपासून वाचवणारं सामान आणा. मांड्यांवर बांधायचे ते जाड संरक्षक पट्टे (चॅप्स) इथे सहज मिळत नाहीत. जाळीचा चेहरापडदा, कानावरचे मफ, चांगले चामडी हातमोजे आणा. वजनाला हलकं आहे सगळं.

गमबूट मात्र हवेतच, घोट्याच्या वरपर्यंत. पडलेल्या झावळ्यांखाली फुरसं, विषारी साप, बसतं आणि ते हललेलं दिसत नाही. पाण्यात उतरणार असाल तर लेप्टोच्या (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांचं निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

ताडपत्री इथून घेऊ, पण दोरी चांगली आणा. निळं पातळ प्लास्टिक पहिल्या पावसात कड्यांपाशीच फाटतं. पत्र्यांसाठी जे-हुक आणि डांबरी वॉशर दापोलीत मिळतात. फक्त भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, एवढं येणाऱ्या मुलांना शिकवून पाठवा. मागच्या वेळी शाळेच्या छताला सगळी भोकं खाली पाडली आणि पहिल्याच पावसात वर्गात बादल्या लावल्या.

तारा पडल्या असतील तर महावितरणची माणसं येईतो झाडाला हात लावायचा नाही. जनरेटर कुणी घरच्या बोर्डाला जोडला असेल तर तीच तार जिवंत होते.

---

मावशी, पट्टे दोन जोड आहेत माझ्याकडे. उद्या संध्याकाळी आणून देतो, सॉ घरीच ठेवतो. लांबी 32 इंच आहे, मुलांना होईल ना?

---

होईल. मागचे बंद लांब असू देत.